मास्टर प्लॅनची तालीम आणि आमचे गुदाम

कापडाच्या धंद्यात ‘मास्टर’ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर कटिंग मास्टर येतो. कारखान्यात कारागीर दहा असोत, कैची एकाच्याच हातात असते. तो आधी कापड पसरतो, आडवे-उभे बघतो, कागदी फर्मे फिरवून फिरवून बसवतो, खडूने खुणा करतो आणि मगच कापायला घेतो. पन्नास शर्टांच्या कापडातून बावन्न निघाले तर ते त्याचे कसब, आणि अठ्ठेचाळीस निघाले तर मालकाचे नुकसान.

जमिनीवर खडू फिरवणारेही असेच मास्टर असतात. सरकारी वसाहत कुठे, लष्कराच्या बराकी कुठे, दारूगोळ्याचे कोठार वस्तीपासून किती दूर, बाजार कुठे, रस्ता किती रुंद, हे ते ठरवतात. त्यांना नगररचनाकार किंवा प्लॅनर म्हणतात. त्यांना काय शिकवले जाते, कुठे शिकवले जाते आणि आपल्या दुकानदारीशी त्याचा काय संबंध, हे व्यापारी बांधवांसमोर मांडण्याचा आमचा विचार आहे. संबंध आहे, आणि तो आम्ही गुदामाची किंमत मोजून शिकलो आहोत.

२०१२ साली आमच्या गावाच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. कचेरीच्या भिंतीवर मोठा नकाशा टांगला होता. पेठेतले आम्ही सात-आठ व्यापारी मिळून पाहायला गेलो. नकाशा रंगीत होता. आम्ही आपापली गल्ली शोधली, ती पिवळी दिसली. पिवळा म्हणजे रहिवासी, असे कोपऱ्यात लिहिलेले होते. चला, आरक्षण नाही, मैदान नाही, शाळा नाही, असे म्हणून खुशीत चहा पिऊन परत आलो. हरकती देण्याची मुदत निघून गेली. २०१६ साली आराखडा मंजूर झाला. २०१८ साली आम्ही गुदामावर एक मजला चढवण्यासाठी परवानगीचा अर्ज केला, तेव्हा उत्तर आले की ही जागा १२ मीटर रुंदीच्या नियोजित रस्त्याने बाधित आहे. नकाशावर दोन बारीक रेघा होत्या. त्या आमच्या गुदामाला मधोमध छेदून जात होत्या. त्या दिवशी आमच्यापैकी एकाचेही लक्ष त्या रेघांकडे गेले नव्हते.

हे आम्हाला समजावून सांगितले ते आमच्या एका रफूगर मित्राच्या मुलीने. ही मुलगी उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकली, पुढे गणित घेऊन बारावी केली आणि नगररचनेच्या पदवीला गेली. घरात कुणाला त्या पदवीचे नावही नीट घेता येत नव्हते. आम्ही नकाशाची प्रत तिच्यापुढे पसरली तेव्हा ती म्हणाली, “चाचा, तुम्ही रंग पाहिलात, रेघ पाहिली नाही.” मग तिने एक प्रश्न विचारला, त्याने आमची मान खाली गेली. “सर्वेवाले तुमच्या गल्लीत आले होते, तेव्हा तुम्ही काय सांगितले होते?”

काय सांगितले होते, ते आम्हाला पक्के आठवत होते. खाली दुकान, मागे गुदाम, वर शिलाईची चार मशीन आणि त्याच्याही वर बिऱ्हाड. विचारणाऱ्याला आम्ही म्हटले, “घर आहे.” घरपट्टी वाढू नये म्हणून. आमच्या शेजाऱ्यांनीही तेच सांगितले. अख्खी गल्ली नकाशात पिवळी झाली ती अशी. रोज सकाळी गासड्या उतरवायला टेम्पो येतात, हातगाड्या अडकतात, माल भिजतो, हे कागदावर कुठेच आले नाही. मग ज्या गल्लीत फक्त माणसे राहतात तिला मागून १२ मीटरचा रस्ता द्यावा, असे कुणाला वाटले तर त्यात त्याची चूक किती आणि आमची किती? कचेरीने आम्हाला नकाशा वाचून दाखवला नाही, ही तक्रार आमची आजही आहे. पण पहिली चुकीची मोजणी आम्हीच लिहून दिली होती.

आधी पाहणी, मग आराखडा

या विद्येतला मुख्य धडाच पाहणीचा आहे. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि पुढे त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. त्यांचे म्हणणे असे की गावातून पायी फिरल्याशिवाय, विहिरी, देवळे, मशिदी, बाजार आणि माणसांची ये-जा पाहिल्याशिवाय कागदावर रेघ मारू नये. दाट गल्ल्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. जिथे खरोखर अडते तिथेच थोडे कापावे, बाकी जपावे, अशी त्यांची रीत होती. रफूगराच्या मुलीला ही रीत समजायला वेळ लागला नसणार. भोक पडले म्हणून कुणी अख्खी शेरवानी फेकत नाही.

देशातला पहिला नगररचना कायदाही आपल्याच भागातला, १९१५ चा मुंबई इलाख्याचा. आज महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया ही व्यावसायिकांची संस्था निघाली. १९५५ साली दिल्लीत नगररचनेची शाळा सुरू झाली. तीच पुढे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर झाली. २००८ साली अशाच शाळा भोपाळ आणि विजयवाडा इथे निघाल्या. अहमदाबादच्या सेप्टमध्ये नियोजनाचे शिक्षण १९७२ पासून आहे. आपल्या राज्यात पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी इथे हा विषय शिकवला जातो. पदवी चार वर्षांची, पदव्युत्तर दोन वर्षांची. पदवीसाठी जेईई मेन परीक्षेत नियोजनाची वेगळी प्रश्नपत्रिका असते आणि बारावीला गणित लागते. वास्तुशास्त्र किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग केलेल्यांनाही पदव्युत्तर वर्गाचा दरवाजा उघडा असतो.

शिकवतात काय? लोकसंख्येचा हिशेब, जमिनीचा वापर, वाहतूक, पाणी, सांडपाणी, घरबांधणीचे अर्थकारण, कायदा आणि उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकावर नकाशा करणे. पण खरी तालीम ‘स्टुडिओ’ नावाच्या तासाला होते. दहा-पंधरा विद्यार्थ्यांची टोळी एखाद्या खऱ्या वस्तीत पाठवतात. घरोघर जाऊन विचारायचे, मोजायचे, मूळ नकाशा तयार करायचा, प्रत्येक जागेचा आजचा वापर रंगाने दाखवायचा. रहिवासी पिवळा, व्यापारी निळा, कारखाने जांभळे, सार्वजनिक इमारती लाल, मोकळ्या जागा हिरव्या. मग पुढच्या वीस वर्षांत किती माणसे, किती पाणी, किती गाड्या याचा अंदाज बांधायचा आणि शेवटी प्रस्ताव मांडायचा. तो शिक्षकांपुढे आणि कधी कधी गावकऱ्यांपुढेही टिकवून दाखवायचा. त्या मुलीने सांगितले की तिच्या टोळीला यंत्रमागाची वस्ती मिळाली होती. खाली माग, वर संसार. अशा घराला कोणता रंग द्यायचा यावर वर्गात दोन दिवस वाद झाला. शेवटी त्यांनी खालच्या आणि वरच्या मजल्याचे दोन वेगळे नकाशे काढले. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हा वाद कशावरून होता हे सांगायला नको.

छावणीचा आराखडा

आता लष्करी जागांकडे वळू. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि नागपूरजवळची कामठी अशा सात छावण्या आपल्या राज्यात आहेत. यांपैकी अनेक ठिकाणच्या सदर बाजारात आपल्या लोकांची दुकाने पिढ्यान्पिढ्या आहेत. कामठीची छावणी १८२१ ची. तिच्या भोवती बाजार वाढला, विणकरांची वस्ती वाढली. शिंपी, चांभार, खाटीक, कापडवाले हे छावणीत आगंतुक म्हणून आलेले नाहीत. फौजेला बाजार लागतो म्हणून इंग्रजांनी आराखड्यातच सदर बाजाराची जागा ठेवली होती, बराकींपासून थोडी दूर.

ती दूर का ठेवली आणि पुढे हे अंतर काटेकोर का झाले, यामागे रोगराईचा इतिहास आहे. १८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या फौजेची संख्या वाढली. या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली शाही आयोग नेमला गेला. १८६३ च्या त्याच्या अहवालात हजारी ६९ सैनिक दर वर्षी मरतात असा आकडा आला, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू तोफेच्या गोळ्याने नव्हे तर पटकी, हगवण आणि तापाने होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या कामात मोठा भाग घेतला होता. त्यानंतर बराकी उंच जोत्याच्या, हवेशीर झाल्या, पाणी आणि गटारे यांच्याकडे लक्ष गेले, १८६४ साली छावण्यांचा कायदा झाला. छावणीतले रुंद रस्ते आणि झाडी पाहून आपण वाहवा करतो, तिचे मूळ असे कबरस्तानाच्या हिशेबात आहे.

आज फौजेची बांधकामे, रस्ते, पाणी आणि वीज यांची व्यवस्था मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस पाहते. ही संस्था १९२३ ची. फौजेतल्या इंजिनिअर अधिकाऱ्यांची तालीम पुण्याजवळ दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये होते. ते १९४३ साली रुरकीला सुरू झाले आणि १९४८ साली दापोडीला आले. लष्करी ठाण्याचा आराखडा करताना दर्जाप्रमाणे कुणाला किती जागा द्यायची याची सरकारी मोजपट्टी असते, विभागवार नकाशा असतो, आणि नवी इमारत नेमकी कुठे उभी करायची हे अधिकाऱ्यांचे मंडळ जागेवर जाऊन ठरवते.

जमिनीची नोंद आणि छावणी मंडळांचा कारभार ही वेगळी शाखा आहे. तिचे अधिकारी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून येतात आणि दिल्ली छावणीतल्या राष्ट्रीय संरक्षण संपदा व्यवस्थापन संस्थेत शिकतात. २०२२ च्या जानेवारीत संरक्षण खात्याने आपल्या जमिनीची मोजणी पुरी झाल्याचे जाहीर केले. एकूण सुमारे १७.९९ लाख एकर, त्यांतली सुमारे १.६१ लाख एकर तेव्हाच्या ६२ छावण्यांत. या मोजणीत ड्रोन आणि उपग्रहाची चित्रे वापरली गेली. म्हणजे नकाशाचे संगणकी काम येणाऱ्या मुलामुलींना पुढे मागणी राहणार.

छावणीतल्या दुकानदाराने एक गोष्ट समजून घ्यावी. तिथल्या जमिनी वर्गांत वाटलेल्या असतात. ए-१ म्हणजे फौजेच्या प्रत्यक्ष वापरातली. बी-३ म्हणजे खाजगी माणसाच्या ताब्यातली, पण बहुधा मालकी हक्क सरकारने राखून ठेवलेली. सी म्हणजे छावणी मंडळाकडे सोपवलेली. ‘ओल्ड ग्रँट’च्या बंगल्यात इमारत तुमची, जमीन सरकारची. दुकानाचा सौदा करताना बिल्डर फक्त भिंती दाखवतो. जमिनीचा वर्ग मात्र जनरल लँड रजिस्टरच्या उताऱ्यातच सापडतो. २०२३ साली हिमाचलमधली योल छावणी मोडीत काढली गेली आणि इतर छावण्यांचा नागरी भागही शेजारच्या नगरपालिकांकडे देण्याचे केंद्राचे धोरण आहे. त्या वेळी नकाशे नव्याने होतील, आणि सर्वेवाले पुन्हा दारात येतील.

अंतराचा हिशेब किती महागात पडतो हे पाहायचे असेल तर देहूरोड पाहावे. तिथल्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा पट्टा रेड झोन म्हणून ओळखला जातो. निगडी, तळवडे, रुपीनगर या भागात या पट्ट्यात हजारो घरे आणि लघुउद्योगांचे गाळे उभे राहिले. जागा स्वस्त मिळते म्हणून लोकांनी घेतल्या आणि नंतर परवानगीसाठी, कर्जासाठी हेलपाटे घातले. आमच्या धंद्यातल्या एका मित्राने तिथे गाळा पाहिला होता. दर ऐकून आम्हीच त्याला घाई कर म्हणालो होतो, याची आज लाज वाटते. त्याने घेतला नाही ते त्याच्या बायकोच्या हट्टाने. हे बंधन नुसते कागदी नाही. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, जवान आणि अग्निशमनाची माणसे प्राणाला मुकली, आसपासची गावे रातोरात खाली करावी लागली. अशी बंधने घालण्याचा अधिकार सरकारला १९०३ च्या कायद्याने आहे. कोठार आधी की वस्ती आधी हा वाद कोर्टात चालो, पण पैसे देण्यापूर्वी नकाशा पाहणे आपल्या हातात आहे.

अमेरिकेची रीत

अमेरिकेच्या फौजेने या तालमीचे स्वतंत्र शास्त्र केले आहे. तिथले लष्करी तळ म्हणजे दवाखाना, शाळा, दुकाने, घरे असलेली गावेच. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तळ पसरत गेले. एकेक मजल्याच्या सुट्या इमारती, मैलभर पार्किंग, आणि दुधाच्या बाटलीसाठीही मोटार. रस्ते आणि नळ यांच्या देखभालीवर पैसा वाहू लागला. २०१२ च्या मे महिन्यात संरक्षण खात्याने सर्व तळांसाठी आराखड्याचे नवे निकष काढले. इमारती जवळ जवळ बांधा, पायी चालता येईल असे रस्ते ठेवा, एकाच भागात घर, काम आणि दुकान राहू द्या, आणि अख्ख्या तळाचा एकच गुंतागुंतीचा नकाशा करण्याऐवजी भागाभागाचे आराखडे करा, असा त्याचा सारांश. गंमत अशी की घर, काम आणि दुकान एकत्र ही रीत आपल्या मोहल्ल्यांत आधीपासूनच आहे, आणि इथे तिला दाटी म्हणून नावे ठेवली जातात.

हे निकष अमलात आणणाऱ्यांना शिकवण्याचे काम तिथल्या सैन्याचे इंजिनिअर दल करते. नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी आणि मुलकी नियोजनकारांसाठी थोड्या दिवसांचे वर्ग असतात. आराखड्याची रीत अशी की काही दिवस सगळ्यांनी एका खोलीत बसायचे. तळाचा कमांडर, इंजिनिअर, अग्निशमनवाला, तिथे राहणाऱ्या कुटुंबांतली माणसे. मधोमध नकाशा, हातात रंगीत पेन्सिली. पहिल्या दिवशी अडचणी सांगायच्या, मग पर्याय काढायचे, शेवटी एक आराखडा निवडायचा. आम्हाला यातले खोलीत बसणे महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे कायद्याने हरकतीची संधी आहे, पण ती आराखडा रंगवून झाल्यावर मिळते. तोपर्यंत खडूच्या रेघा पक्क्या झालेल्या असतात.

राहिला प्रश्न मुलांच्या रोजगाराचा. राज्याच्या नगररचना खात्यात सहायक नगररचनाकाराची भरती राज्य लोकसेवा आयोगातून होते. त्याखालच्या रचना सहायक पदासाठी सिव्हिलचा डिप्लोमाही चालतो. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमधल्या कनिष्ठ अभियंत्यांची भरती केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाकडून होते. याशिवाय म्हाडा, सिडको, एमआयडीसी आणि खाजगी सल्लागार कंपन्या आहेत. दुकानावर बसणाऱ्या मुलाला आम्ही ही यादी दाखवतो तेव्हा तो पगार किती असे विचारतो. विचारू द्या. पण जो मुलगा लहानपणापासून माल कुठून येतो, कुठे उतरतो, गिऱ्हाईक कुठल्या कोपऱ्यावरून वळते हे पाहत आला आहे, त्याला स्टुडिओच्या पहिल्या वर्षात जे शिकवतात ते निम्मे आधीच ठाऊक असते. त्याला फक्त ते नकाशावर उतरवायला शिकायचे असते.

आमच्या गुदामाचे सांगायचे राहिले. १९६६ च्या कायद्यात कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते, आणि तिच्यावर ठरलेल्या मुदतीत पावले उचलली गेली नाहीत तर जागा बंधनातून मोकळी होऊ शकते. आमची दहा वर्षे २०१६ पासून मोजायची आहेत. वकिलाने भाग नकाशा, झोन दाखला आणि मोजणीचा नकाशा काढून ठेवायला सांगितला आहे. पहिले दोन मिळाले, मोजणीचे पैसे भरले आहेत. गेल्या महिन्यात घरपट्टीची फेरमोजणी करायला माणसे आली, तेव्हा आम्ही खाली दुकान, मागे गुदाम, वर मशीन, असे सगळे खरे लिहून दिले. पट्टी वाढणार आहे. किती, ते बिल आल्यावर कळेल.